मरव्याचं विरजण

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. तशी पैज लागली तर आंबेखिंडीतला कुठलाही शहाणा माणूस आपली दुभती म्हैस पणाला लावील आणि निवांत झोपेल, कारण म्हैस कुठे जायची नाही. गोष्ट आहे दिगूनाना ढवळ्यांची. आणि दिगूनाना आयुष्यात कधी खरं बोलल्याचा पुरावा ना दूध संघाकडे होता, ना ग्रामपंचायतीकडे. घरी तर नव्हताच नव्हता.

"आमच्या आजोळच्या म्हशीचं दूध इतकं घट्ट," नाना सांगत, "की धार काढायला बसताना बादलीबरोबर कात्री न्यावी लागायची." हे त्यांनी एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की कात्री निर्जंतुक कशात करत होते, असं त्याने विचारलं. "उकळत्या ताकात," नाना म्हणाले.

नाना दूध संघाच्या अमोनिया प्लँटवर ऑपरेटर. दूध गार ठेवायला अमोनिया लागतो. पाइपातून फिरतो तोवर तो गायीहून गरीब. बाहेर सुटला की डोळे, घसा, फुप्फुसं, जे सापडेल ते जाळत जातो. आता तुम्ही म्हणाल, या काळात तिथे माणसाचं काय काम? खरंच नव्हतं. व्हॉल्व्ह आपले आपण उघडत, आपले आपण मिटत. दुधाच्या गाड्या ड्रायव्हरवाचून येत आणि हॉर्न न वाजवता जात. पण कुठेतरी परराज्यात एकदा संगणक झोपला आणि त्याच्या पाठोपाठ माणसंही झोपली, कायमची. तेव्हापासून कायदा झाला, की जिथे अमोनिया तिथे संगणक मेल्यावर काय करायचं हे तोंडपाठ असलेला जिवंत माणूस हवाच. आणि गंमत अशी, की त्या माणसाने हे शिकायचं संगणकावरच. वर्षातून एकदा प्रशिक्षण, मागोमाग परीक्षा, आणि लागोपाठ तीनदा नापास झाला की घरी.

ऑपरेटर सगळे पन्नाशी उलटलेले. पडद्यावर एक गोरीगोमटी बाई यायची आणि साखरेच्या आवाजात म्हणायची, "छान! आता पुढील धड्याकडे वळू या." चुकीचं उत्तर दिलं तरी म्हणायची, "हरकत नाही! पुन्हा प्रयत्न करू या." माणसं डोळे मिटून 'पुढे' दाबत. गुरुवारी शिकलेलं शुक्रवारच्या चहापर्यंत टिकत नसे.

"नाना, ही बाई कधी चिडतच नाही," शेजारच्या खुर्चीवरून इस्माईलभाई मुजावर म्हणाले. नाना आणि ते एकाच दिवशी नोकरीला लागले होते. "जी बाई चिडत नाही, तिचं बोलणं डोक्यात राहायचं कसं?"

"माझ्या घरी या," नाना म्हणाले. "तिथलं सगळं राहतं."

नाना दोनदा नापास झाले होते. तिसरी परीक्षा तोंडावर आली होती. नोकरी गेली असती तर उपाशी मरणार नव्हते. पण प्लँट नसलेला दिगूनाना म्हणजे कोण, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. थापा मारायला माणसाला एक खरी जागा लागते.

आणि मग डॉ. समिधा रणपिसे आल्या. पुण्याच्या कुठल्याशा मेंदूसंशोधन केंद्रातल्या. वय तिशीचं, खांद्याला पोतडीएवढी बॅग, आणि बोलणं एकदम रोखठोक. त्यांनी सगळ्यांना प्लँटच्या व्हरांड्यात बसवलं आणि विचारलं, "दूध तापवून कोमट केलं की दही होतं?"

"बाईसाहेब, हा दूध संघ आहे," इस्माईलभाई म्हणाले. "विरजण लावल्याशिवाय कसं होईल?"

"आणि विरजण लावल्यावर?"

"हलवायचं नाही. उबेला ठेवायचं रात्रभर."

"झालं तर मग. तुम्ही संगणकावर शिकता ते दूध. झोप ही ऊब. विरजण मात्र कोणी लावतच नाही."

मग त्यांनी समजावलं ते असं. दिवसभरात माणूस जे शिकतो ते मेंदू आधी एका तात्पुरत्या खणात टाकून ठेवतो. गाढ झोपेत त्या खणाची झडती होते. जे कामाचं वाटेल ते कायमच्या कोठारात जातं, बाकीचं सकाळी केराबरोबर बाहेर. कामाचं काय, हे मेंदूला परस्पर कळवता आलं तर? डोळे झोपेत मिटलेले, आवाज केला तर माणूस जागा होतो. राहिलं नाक. बाकीच्या इंद्रियांचा माल चार चौक्या पार करून आत जातो. वासाचा रस्ता मात्र थेट आठवणींच्या अंगणातून जातो. शिकताना एक वास द्यायचा आणि गाढ झोपेत तोच पुन्हा द्यायचा. मेंदू झोपेतच तो धडा उघडून बसतो आणि गिरवत राहतो. डॉक्टरबाईंनी त्याला जोड दिली होती एका टोपीची. टोपी झोपेच्या लाटा मोजायची, आणि लाट नेमकी वर आली की नाकाशी वासाची फुंकर आणि कपाळावर विजेची हलकी थाप. यंत्राचं नाव त्यांनी 'विरजण' असंच ठेवलं होतं.

"आता प्रत्येकाने आपापला वास निवडायचा," कुप्यांची पेटी उघडत त्या म्हणाल्या. "अट एकच. त्या वासाशी तुमच्या ओळखीचं कुठलंही माणूस जोडलेलं नको. काटेकोर सांगतेय."

इस्माईलभाईंनी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन घेतलं. "यात आपलं कोणी नाही. फक्त पंक्चर."

नानांनी एक कुपी हुंगली, दुसरी हुंगली, आणि तिसरीवर थांबले. मरवा.

आता मरव्याचं असं होतं. वैजयंताबाई, म्हणजे नानांची बायको, मन प्रसन्न असलं की परसातला मरवा खुडून अबोलीत गुंफायच्या आणि वेणी माळायच्या. बिनसलेलं असलं की केस नुसते आवळून बांधलेले. घरातलं हवामान नानांना दारातच कळायचं. मरव्याचा वास आला तर चपला काढायच्या. नाही आला तर चपलांसकट परत फिरायचं. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता. पाळी प्लँटवर असली, तिथल्या लोखंडी खाटेवर एकटं पडलं, की नानांना त्याच वासाने करमेनासं व्हायचं. त्यांच्या मनात आलं, झोपेत रोज हाच आला तर काय बिघडलं?

"कोणाची आठवण आहे का यात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

अख्खा प्लँट भोवती उभा. इस्माईलभाईंच्या मिशीखाली हसू दबा धरून बसलेलं. चारचौघांत, तेही कामावर, बायकोच्या वेणीचं नाव कोणता पुरुष घेतो?

"छे हो," नाना म्हणाले. "परसात आपोआप उगवतो. म्हैससुद्धा तोंड लावत नाही."

आयुष्यभर नानांनी हजार थापा मारल्या असतील, त्यातल्या एकीनेही कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. ही सगळ्यांत लहान होती.

महिनाभर नाना टोपी घालून शिकले आणि टोपी घालून झोपले. परीक्षेला बसले तेव्हा पडद्यावरच्या बाईने प्रश्न संपवायच्या आत उत्तर तयार. पैकीच्या पैकी गुण! इस्माईलभाईंनाही चांगले मिळाले. फक्त सायकलच्या दुकानावरून जाताना ते मध्येच थबकायचे आणि "मास्कची पट्टी आधी खालची ओढा," असं पुटपुटायचे. लोक हसायचे. तेही हसायचे.

आणि मग वैशाखातल्या एका दुपारी प्लँटचा संगणक मेला.

वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि पडदे काळे झाले. त्याच सुमाराला कॉम्प्रेसरच्या मागच्या एका जोडातून शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला. पांढरा लोट जमिनीलगत सरपटत निघाला. पलीकडच्या हॉलमध्ये पिशव्या भरणाऱ्या मुली होत्या, आणि त्यांचं दार नेमकं वाऱ्याच्या तोंडाला. कोणीतरी किंचाळलं. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली.

नाना मात्र उभे राहिले. नंतर ते सांगत, आणि हे खरं होतं, की त्या क्षणी अमोनिया त्यांच्या नाकाला जाणवलाच नाही. नाकात मरवा दरवळला. आणि मरव्याबरोबर एकेक पायरी, घरातल्या पूजेसारखी, आपली आपण हाताखाली आली. वारा पाहिला. मास्क चढवला, पट्टी आधी खालची. इस्माईलभाईंना हाताने खूण करून मुलींना वाऱ्याच्या उलट्या अंगाला काढायला लावलं. स्वतः वाकून, पाण्याच्या फवाऱ्याखालून, टाकीजवळच्या लाल चाकाच्या किंग व्हॉल्व्हपाशी, म्हणजे मुख्य झडपेपाशी, गेले आणि चाक शेवटपर्यंत फिरवलं. शिट्टी बारीक होत होत थांबली. एकही माणूस दगावला नाही.

संघाने सत्कार ठेवला. आवारात मांडव, फेटे, माइक. वैजयंताबाई जरीची साडी नेसून आल्या होत्या आणि वेणी तर अशी भरगच्च, की पहिल्या रांगेपर्यंत मरवा दरवळत होता. चेअरमनसाहेबांनी नानांना शाल पांघरवली, नारळ दिला आणि माइक हातात ठेवत ओरडले, "नाना, थापा पुष्कळ ऐकल्या! आज उखाणा होऊन जाऊ दे. वहिनींचं नाव घ्या!"

नानांचे उखाणे पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांनी घसा खाकरला. "दुधावरती साय, सायीखाली दूध..." मांडव शांत झाला. तेवढ्यात खांद्यावरून घसरलेली शाल सारखी करायला वैजयंताबाई जवळ आल्या.

"...वारा कोणत्या दिशेचा ते प्रथम पाहावे," नाना म्हणाले. "मास्क चढवावा. किंग व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण बंद करावा."

मांडवात हास्याचा स्फोट झाला. शिट्ट्या वाजल्या. "नाव! नाव!" वैजयंताबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

नाना हसत नव्हते. ते बायकोकडे पाहत होते. ही आपली बायको, हे त्यांना माहीत होतं. पोस्टमनला पत्ता माहीत असतो तसं. पण नाव होतं तिथे आता लाल चाक होतं. त्यांनी चाकाच्या मागे पाहायचा प्रयत्न केला. मागे पाइप होता.

"अहो, पुरे झाली गंमत," वैजयंताबाई हळूच म्हणाल्या.

नाना त्यांच्या कानाशी वाकले आणि तितक्याच हळू, घाबऱ्या आवाजात म्हणाले, "तुमचं नाव काय?"

माइक चालू होता. सगळ्या मांडवाने ते ऐकलं. लग्न झाल्यापासून ज्या बाईला नानांनी 'तू'शिवाय हाक मारली नव्हती, तिला ते 'तुमचं' म्हणाले. कोणी हसलं नाही. वैजयंताबाईंचा हात शालीवर होता तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी नानांना खुर्चीवर बसवलं आणि समोर उभ्या राहिल्या. गेले कित्येक दिवस नवऱ्याने आपल्याला नावाने हाकच मारली नव्हती, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं. "माझं नाव वैजयंता. तुम्ही वैजू म्हणता. आपलं लग्न आठवतंय?"

"झालंय हे माहीत आहे. होताना... दिसत नाही."

"कांचनचं बारसं?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. कांचन म्हणजे त्यांची मुलगी, आता सासरी असलेली. ती मुलगी आहे हे पक्कं. पाळण्यातली मात्र कुठे नव्हती.

"मग आठवतं काय तुम्हाला?"

नानांनी डोळे मिटले आणि घडघडा बोलू लागले. "तुम्ही माझं ताट उंबऱ्यावर आपटलंत ते. माझ्या आईशी अबोला धरलात ते. भावाच्या लग्नात सगळ्यांसमोर मला थापाड्या म्हणालात. दवाखान्याच्या पायरीवर बसून, माझ्यामुळे तुमच्या आयुष्याची माती झाली म्हणालात. अंगणात..."

"पुरे."

वैजयंताबाईंचा हात आपोआप केसांकडे गेला. कारण त्यांना कळलं होतं. यातल्या एकाही दिवशी त्यांनी वेणी माळली नव्हती. मरव्याचे सगळे दिवस गेले होते. बिनामरव्याचे तेवढे, एकूण एक, जसेच्या तसे शिल्लक होते. नवऱ्याच्या डोक्यात आता संसार म्हणून उरली होती ती फक्त भांडणं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई धावत आल्या. नानांना तपासलं, टोपीतल्या नोंदी पाहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, आठवण म्हणजे भिंतीवरचा फोटो नाही. ती लोण्यासारखी असते. कोठारात कडक असते, पण बाहेर काढली की थोडा वेळ मऊ पडते. मग परत थिजते. एरवी होती तशीच थिजते, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. वासाने झोपेत रोज तुमची एकेक आठवण बाहेर यायची. मऊ व्हायची. आणि नेमकी त्याच वेळी टोपी..."

"माझ्या लग्नात व्हॉल्व्ह बसवायची," वैजयंताबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. "वासाशी कोणी जोडलेलं आहे का, हे मी विचारलं होतं."

"मग? काय सांगितलं यांनी?"

नाना गोंधळून बघत राहिले. तो प्रसंगही मरव्याचाच, तोही गेला होता. उत्तर दिलं ते दारात उभ्या इस्माईलभाईंनी. "परसात आपोआप उगवतो म्हणाले, वहिनी. म्हैससुद्धा तोंड लावत नाही म्हणाले. मी तिथंच होतो. मला ठाऊक होतं वेणीचं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण... कसं बोलणार?"



"परत येईल?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"दह्याचं दूध होत नाही, काकू. पण तळाशी काही कोरं राहिलं असेल. एखादा दिवस जरी त्यांचा त्यांना, कोणी न सांगता आठवला, तर त्याला धरून बाकीचे वर येतील. तेवढी एकच आशा. चेअरमनसाहेबांना हे यंत्र सगळीकडे न्यायचंय, नर्स, लाइनमन, सगळ्यांकडे. मी सांगितलंय, नाना बरे झाल्याशिवाय माझी सही होणार नाही."

सगळे गेल्यावर वैजयंताबाई परसात गेल्या, मरवा मुळासकट उपटला आणि म्हशीपुढे टाकला. म्हशीने मिटक्या मारत खाल्ला.

"ज्या दिवशी तुमचा तुम्हाला माझा एक दिवस आठवेल," त्या माती झटकत म्हणाल्या, "त्या दिवशी परत लावीन. तोवर वेणी नाही."

आणि मग त्यांनी शिकवणी सुरू केली. टोपी नाही, वास नाही, वीज नाही. संध्याकाळी स्वयंपाकाआधी दोघं पायरीवर बसायचे, मध्ये वाटाण्याच्या शेंगांनी भरलेलं सूप. वैजयंताबाई शेंगा सोलत एखादा चांगला दिवस सांगायच्या. दुसऱ्या दिवशी आधी कालचा विचारायच्या.

"सांगा, वरातीत काय झालं?"

"घोडा बिथरला."

"घोडा कुठला? ट्रॅक्टर होता! किती वेळा सांगायचं? लक्ष कुठे असतं तुमचं?"

या बाई चिडायच्या. दाणादाण उडवायच्या. शेंग फेकून मारायच्या. इस्माईलभाईंचं म्हणणं खरं ठरलं. नानांच्या डोक्यात एकेक दिवस बसू लागला. ट्रॅक्टरवरची वरात, बारशाच्या दिवशी पाळण्याची सुटलेली दोरी, जोतिबाच्या पायऱ्यांवर हरवलेली एक चप्पल. पण ते दिवस दुसऱ्याच्या गावच्या जत्रेसारखे होते. ऐकलेले. नाना त्यात कुठे नव्हते.

"पाहायला आलात तेव्हा मी जांभळी साडी नेसले होते," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. "मरव्याची काडी नुसती कानामागे. पोहे दिले. मग चहाचा ट्रे घेऊन आले तर हात असा थरथरला, की कप कलंडला तो थेट तुमच्या मांडीवर. नवी कोरी पँट."

"भाजलं?" नानांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगा. मांडी तुमची."

नाना हसले. त्याही हसल्या, आणि हसताना त्यांच्या डाव्या गालावर एक बारीक रेघ उमटली. नाना त्या रेघेकडे पाहत राहिले. आपलं ताट आपटणारी ही बाई रोज आपल्यापुढे बसते, दमते, चिडते आणि दुसऱ्या दिवशी परत बसते, हे त्यांच्या लक्षात येऊ लागलं होतं. या वयात, नुकत्याच ओळख झालेल्या बाईवर जीव जडावा तसा त्यांचा जडला होता. पण त्यांनी अजून एकदाही तिला 'तू' म्हटलं नव्हतं. जीभच वळत नव्हती. आणि परसातला तो मातीचा खड्डा रोज सकाळी तोंड धुताना समोर असायचा.

दिवाळीच्या आधी डॉक्टरबाई, चेअरमनसाहेब आणि इस्माईलभाई घरी आले. ओसरीवर सतरंजी पडली. चेअरमनसाहेबांच्या खिशात पेन होतं, आणि डॉक्टरबाईंच्या हातात सहीचा कागद.

"नाना, कोणी न सांगता काही आठवलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

वैजयंताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. केस आवळून बांधलेले. डोळे खोल गेलेले. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. 'नाही' म्हटलं तर ही बाई उद्या परत सूप घेऊन बसणार, परवा परत. आणि 'हो' म्हटलं तर? तर मरवा लागेल. बाई हसेल. एक थाप. आयुष्यात एवढ्या मारल्या त्या नुसत्या करमणुकीला. ही तर सत्कारणी लागणार होती.

"आठवलं," नाना म्हणाले.

दारातली बांगडी वाजली.

"काल तोंड धुताना. एकदम." नानांनी डोळे अर्धवट मिटले. थाप कशी मारायची हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून ते कोणी पुसूही शकलं नव्हतं. "मी यांच्या माहेरी बसलोय. सतरंजीला एक भोक आहे, त्यात मी बोट घालतोय. आतून भांड्यांचा आवाज येतोय. आणि मग ही बाहेर आली. वैजू. तू." ते दाराकडे वळले. इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडून 'तू' आलं, आणि तसं यावं म्हणून त्यांनी रोज म्हशीपुढे उभं राहून किती तालीम केली होती, ते फक्त म्हशीला माहीत. "जांभळी साडी. कानामागे मरव्याची काडी, तीही वाकडी. पोहे दिलेस. पोह्यांत मीठ कमी होतं, पण मी म्हटलं, आता जन्मभर आहेच. मग तू चहा घेऊन आलीस. हात थरथरला, कप कलंडला आणि सगळा चहा माझ्या मांडीवर! वरून मी हसतोय आणि आतून होरपळतोय. तुझ्याकडे बघतोय, तुझे डोळे भरलेले. तेव्हा मी ठरवलं, हीच. जी आपल्याला भाजून स्वतः रडते, तिच्याशीच संसार करायचा."

इस्माईलभाईंनी उपरण्याने डोळे पुसले. चेअरमनसाहेब "वा! वा!" म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. डॉक्टरबाईंनी ते सहीसाठी हातात घेतलं.

"खूण आहे अजून," नाना म्हणाले. आता त्यांना राहवेना. थाप चढणीला लागली की ते कधी थांबले होते? त्यांनी पायजमा गुडघ्याच्या वर सरकवला. मांडीवर एक जुना पांढरट डाग होता. "हा बघा चहा!"

डॉक्टरबाई वाकून पाहू लागल्या. पेन कागदाला टेकलं.

"खोटं!"

वैजयंताबाई दारातून पुढे आल्या.

"तो डाग म्हशीच्या शिंगाचा आहे. आणि त्या दिवशी आमच्याकडे दूध नासलं होतं. चहा झालाच नव्हता. तुम्ही नुसते पोहे खाऊन गेलात. चहा मी सांडला, परवा, वाटाणे सोलताना... तुमचं तुम्हाला आठवतंय, की माझंच मला परत वाढताय, ते बघायला!"